एकोणपन्नास की एकोणसाठ?

(हाऊजी किंवा तंबोला हा खेळ तुम्ही कधी ना कधी खेळला असाल. या पाठात लेखकाने ईदच्या रात्री आपल्या घरी रंगलेल्या हाऊजीची आठवण सांगितली आहे. खेळता खेळता लेखकाकडून एक चूक झाली. ती चूक लपवणे सोपे होते. मग त्याने काय केले? पाठ वाचा आणि विचार करा.)

बारामतीहून इंदापूरकडे जाताना वाटेत लासुर्णे हे गाव लागते. ते पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यामुळे या भागात ऊस भरपूर पिकतो. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागतात. आमचे घर याच गावात. आमच्या भिंतीला भिंत लागून काकांचे घर. काकांच्या आईला आम्ही आजी म्हणत असू आणि काकांची मुले माझ्या दादीला दादीच म्हणत.

ही गोष्ट २००५ सालची. तेव्हा मी नववीत होतो. त्या वर्षी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते आणि त्याच आठवड्यात रमजान ईद आली. दिवाळीच्या दिवसांत आमचे रोजे चालू होते. काकूंनी फराळाचे ताट पाठवले, ते आम्ही इफ्तारच्या वेळी खाल्ले.

असा योग नेहमी येत नाही. हिजरी वर्ष चंद्राच्या गतीवर चालते. ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. मराठी महिनेही चंद्रावरच चालतात. पण या पंचांगात साधारण दर तिसऱ्या वर्षी एक अधिक महिना धरतात. त्यामुळे दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून कोठे जात नाही. फिरत फिरत ईद दिवाळीजवळ यायला सुमारे ३३ वर्षे लागतात. २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षे हे दोन्ही सण जवळजवळ आले होते. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. त्यानंतर आकाशात पहिली कोर दिसली, की दुसऱ्या दिवशी ईद. एकच चंद्र, तो दिसेनासा झाला की एका घरी दिवे लागतात आणि पुन्हा दिसला की दुसऱ्या घरी शिरखुर्मा शिजतो!

ईदच्या दिवशी संध्याकाळी काका, काकू, आजी आणि मुले आमच्याकडे आली. सर्वांनी शिरखुर्मा घेतला. इतक्यात वीज गेली. त्या काळी खेड्यांत भारनियमन फार होते. दूरदर्शन संच बंद पडला. मुले हिरमुसली. अब्बांनी कंदील लावला आणि ते म्हणाले, "चला, आज सगळे मिळून काहीतरी खेळू."

बारामतीहून माझा चुलतभाऊ आला होता. तो म्हणाला, "हाऊजी खेळू या."

"पण त्याची तिकिटे कोठे आहेत?" काकूंनी विचारले.

"तिकिटे आपणच तयार करू," भाऊ म्हणाला आणि कामाला लागला.

आम्ही लग्नाच्या जुन्या पत्रिका शोधून आणल्या. त्यांच्या जाड कागदाचे नव्वद लहान तुकडे कापले. प्रत्येक तुकड्यावर एक अंक लिहिला, १ पासून ९० पर्यंत. ते सारे तुकडे दादीच्या बटव्यात भरले. मग भावाने वहीच्या कागदावर तिकिटे आखली. तो आखत होता आणि आम्हांला समजावून सांगत होता.

हाऊजीच्या तिकिटात तीन आडव्या ओळी आणि नऊ उभे रकाने असतात. म्हणजे एकूण सत्तावीस घरे झाली. त्यांपैकी पंधरा घरांत अंक असतात व बारा घरे रिकामी असतात. प्रत्येक आडव्या ओळीत पाचच अंक लिहायचे. पहिल्या उभ्या रकान्यात १ ते ९ यांपैकी अंक येतात, दुसऱ्यात १० ते १९, तिसऱ्यात २० ते २९. असे करत शेवटच्या रकान्यात ८० ते ९०. एकही रकाना पूर्ण रिकामा ठेवायचा नाही. सहा तिकिटे नीट जुळवून केली, तर नव्वदच्या नव्वद अंक त्यांत एकेकदा बसतात. कारण पंधरा सक नव्वद!

अंक झाकण्यासाठी काकूंनी घरून चिंचोके आणले. प्रत्येकाला मूठभर चिंचोके मिळाले. आता खेळ सुरू होणार, तोच भाऊ म्हणाला, "प्रत्येक तिकिटामागे दोन रुपये काढा. जो जिंकेल त्याला सगळे पैसे."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. अब्बा मात्र गप्प झाले. मग शांतपणे म्हणाले, "नाही बेटा. पैसे लावायचे नाहीत."

"चाचाजान, दोनच रुपये तर आहेत!"

"दोन रुपये थोडे आहेत, हे खरे. पण जिंकणाऱ्याच्या हातात ते येतात कोठून? हरणाऱ्याच्या खिशातून. पैसे लावले, की खेळ राहत नाही, तो जुगार होतो. तो आपल्याला हराम आहे. दोन रुपयांचा असो की दोनशेचा."

काकांनीही मान डोलावली. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचे. पत्त्यांच्या डावावर पैसे लावून लोकांनी घरदार घालवलेले मी पाहिले आहे. सुरुवात सगळ्यांची दोन रुपयांपासूनच होते."

आपल्या राज्यात जुगाराविरुद्ध १८८७ सालापासून कायदा आहे, हे मला पुढे शिकताना कळले. त्या रात्री मात्र अब्बांचा आणि काकांचा शब्द आम्हांला पुरेसा होता.

मग बक्षिसांचे काय? दादीने तोड काढली. दोन्ही घरांतून लहानसहान वस्तू आणायच्या आणि त्या बक्षीस म्हणून ठेवायच्या. कोणी काही लावायचे नाही, म्हणून कोणी काही हरायचेही नाही. ज्याचे पाच अंक सर्वांत आधी झाकले जातील, त्याला खजुराचा पुडा. वरच्या ओळीला चहाची नवी गाळणी, मधल्या ओळीला कंगवा, खालच्या ओळीला पेन. ज्याचे पूर्ण घर भरेल, त्याला करंज्यांनी भरलेला डबा.

पुकारा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी बटव्यात हात घालून एक तुकडा काढायचा, अंक मोठ्याने सांगायचा आणि तुकडा ताटात टाकायचा. मी उर्दूत अंक सांगू लागलो. चार-पाच अंक झाले आणि आजी म्हणाल्या, "अरे बाळा, तू 'उनतीस', 'सैंतीस' म्हणतोस, ते मला कसे कळणार? माझ्या तिकिटावर एकसुद्धा चिंचोका पडला नाही."

मग आम्ही तेच अंक आजींना मराठीत सांगितले आणि पुढे काय करायचे ते ठरवले. मी अंक मराठीत सांगायचा. माझी धाकटी बहीण तोच अंक दादीसाठी उर्दूत सांगणार आणि पाटीवर लिहून ठेवणार. मला मनातून भीती वाटत होती. मराठी वाचायला मला येत असे. पण मराठी अंकांची नावे घेताना माझी जीभ अडखळे. तरी मी 'हो' म्हणालो.

खेळ रंगात आला. "तेवीस!" "सत्त्याहत्तर!" "एकतीस!" कोणी चिंचोका ठेवी, कोणी कपाळाला हात लावी. काकांच्या मुलीला पहिले पाच मिळाले आणि खजुराचा पुडा तिने लगेच सर्वांना वाटून टाकला. आता वरच्या ओळीसाठी चुरस होती. आजींचा एकच अंक राहिला होता. दादीचाही एकच अंक राहिला होता.

मी बटव्यात हात घातला. तुकडा निघाला. कंदिलाच्या उजेडात मी अंक पाहिला आणि पुकारले, "एकोणपन्नास!"

"उनचास!" बहिणीने सांगितले व पाटीवर ४९ लिहिले.

"झाली! माझी ओळ झाली!" आजी लहान मुलीसारख्या ओरडल्या. त्यांचे तिकीट पाटीशी ताडून पाहिले. ८, २३, ४९, ६१, ७७. पाचही अंक पाटीवर होते. चहाची गाळणी आजींना मिळाली. दादीने हसून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

खेळ पुढे चालू राहिला. आणखी दहा-बारा अंक झाले असतील. मी एक तुकडा काढला आणि माझ्या छातीत धस्स झाले. त्यावर ४९ लिहिले होते.

एकोणपन्नास तर मी मघाशीच पुकारला होता! मग तो कोणता अंक होता? मी हळूच ताटातले तुकडे चाळले. त्यांत ५९ होता. ५९ पाहून मी 'एकोणपन्नास' म्हणालो होतो. पाच दिसले, म्हणून 'पन्नास' तोंडात आले. म्हणायला हवे होते 'एकोणसाठ'.

माझी नजर दादीच्या तिकिटावर गेली. तिच्या वरच्या ओळीत ५, ३१, ५९, ७०, ८४ हे अंक होते. चार अंकांवर चिंचोके होते. फक्त ५९ उघडा होता. म्हणजे मघाशी मी बरोबर अंक सांगितला असता, तर ओळ दादीची झाली असती.

"पुढचा अंक सांग ना!" मुले ओरडली.

त्या क्षणी माझ्या मनात एक सोपी युक्ती आली. ४९ च्या जागी आता 'एकोणसाठ' म्हणायचे. पाटीवर ५९ लिहिला जाईल. दोन्ही अंक पुरे होतील. शेवटी हिशेब बरोबर जुळेल आणि कोणालाही काही कळणार नाही. तुकडा माझ्या मुठीत होता. तो माझ्याशिवाय कोणीही पाहिला नव्हता.

पण सगळी माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी जे म्हणेन, ते खरे मानून चिंचोका ठेवणार होती. आजींनी तसाच ठेवला होता. दादीने तसाच ठेवला नव्हता.

मी मूठ उघडली आणि तुकडा चटईवर ठेवला. म्हणालो, "माझी चूक झाली. मघाशी ५९ निघाला होता. मी एकोणपन्नास म्हणालो. खरा एकोणपन्नास आता निघाला आहे. वरची ओळ दादीची होती."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. माझा चेहरा लाल झाला. मग आजींनी गाळणी उचलली आणि दादीसमोर ठेवली. "घ्या, ही तुमची."

दादीने ती परत सरकवली. "राहू द्या तुमच्याकडेच."

"नाही, खेळ म्हणजे खेळ," आजी म्हणाल्या. "खोट्या अंकावरची गाळणी मला नको."

गाळणी दोघींमध्ये दोन-तीन वेळा इकडून तिकडे गेली. शेवटी दादी म्हणाली, "बरे, गाळणी माझी. पण उद्यापासून दुपारचा चहा तुम्ही माझ्याकडे घ्यायचा." सगळे हसले. माझ्या मनावरचे ओझे उतरले.

अब्बा मला काही रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "आधी आकडे सांगत जा, मग नाव. पाच आणि नऊ, एकोणसाठ. म्हणजे जीभ चुकली, तरी कान चुकणार नाही." काकांनी मला जवळ घेतले व मराठी अंकांची गुरुकिल्ली सांगितली. 'एकोण' म्हणजे एक उणा, एक कमी. पन्नासला एक कमी तो एकोणपन्नास, साठला एक कमी तो एकोणसाठ. नावात पुढची दहाई असते, अंकात दिसते ती नव्हे.

मग मला नवल वाटले. आपल्या उर्दूतही तेच आहे. 'उनतीस', 'उनसठ' यांतला 'उन' आणि मराठीतला 'ऊण' एकच. दोन्ही भाषा एकच हिशेब करतात. फरक थोडाच आहे. उर्दूत ८९ ला 'नवासी' म्हणतात. तेथे 'उन' नाही. मराठीत मात्र तो 'एकोणनव्वद' आहे. त्या रात्रीनंतर मी मराठी अंक कधी विसरलो नाही.

हा खेळ आपल्याकडे इंग्रजांच्या काळात आला. ब्रिटिश सैनिक त्याला 'हाऊस' म्हणत. त्यावरूनच 'हाऊजी' हे नाव पडले. पण त्याचे मूळ इटलीत आहे. तेथील नेपल्स शहराची एक कथा सांगतात. १७३४ साली राजा चार्ल्स याला सोडत चालू ठेवायची होती. एका धर्मगुरूने तिला विरोध केला. सोडतीच्या नादात लोक देवाला विसरतात, असे त्याचे म्हणणे होते. शेवटी नाताळाच्या आठवड्यात सोडत बंद ठेवायची, असे ठरले. तेव्हा लोकांनी घरोघरी छोट्या टोपलीत अंक घालून आपापसांत खेळ सुरू केला. त्याला 'टोंबोला' म्हणतात. आपला 'तंबोला' हा शब्द त्यातूनच आला. तेथे आजही नाताळात सारे कुटुंब हा खेळ खेळते. अंकही १ ते ९० आणि तिकिटावर अंकही पंधराच. अंक झाकायला चिंचोक्यांऐवजी वाळलेले घेवड्याचे दाणे वापरतात. तेथे प्रत्येक अंकाला एक अर्थ आहे. २२ म्हणजे वेडा आणि २५ म्हणजे नाताळ. पुकारणारा कधी अंकाऐवजी त्याचा अर्थच सांगतो. आमच्या ईदच्या रात्री जो प्रश्न उभा राहिला, तो नेपल्सच्या लोकांपुढेही होता, हे वाचून मला मौज वाटली. पैशांचा खेळ बाहेर राहिला आणि माणसांचा खेळ घरात आला!

आता मी शिक्षक आहे. दिवाळीची सुट्टी जवळ आली, की मी वर्गात मुलांकडून 'सणांचा हाऊजी' तयार करून घेतो. त्यात अंकांऐवजी शब्द असतात. प्रत्येक तिकिटावर नऊ घरे आणि प्रत्येक घरात एका सणाशी जोडलेला मराठी शब्द. पुकारणारा शब्द सांगत नाही, फक्त खूण सांगतो. "मुले मातीने बांधतात, त्यावर मावळे ठेवतात." ज्याच्या तिकिटावर 'किल्ला' असेल, तो चिंचोका ठेवतो. "ईदच्या नमाजाआधी गरिबांसाठी काढतात." उत्तर: 'फित्रा'. "बहीण भावाला ओवाळते तो दिवस." उत्तर: 'भाऊबीज'. "नाताळात घरावर टांगतात, रात्री चमकते." उत्तर: 'चांदणी'. मुले शब्द शोधतात, खुणा तयार करतात. एकमेकांच्या घरी काय शिजते, काय सजते, हे त्यांना आपोआप कळते.

पुकारा करायला मी दर वेळी वेगळ्या मुलाला बसवतो. ज्याची जीभ अडखळते, त्याला आधी. तो चुकला, तर आम्ही हसत नाही. चूक सांगितली, की ती पुसता येते. लपवली, की ती सगळ्यांच्या तिकिटांवर जाऊन बसते.

मुलांनो, २०३७-३८ च्या सुमारास दिवाळी आणि रमजान ईद पुन्हा जवळजवळ येतील. तेव्हा तुम्ही मोठे झालेले असाल. त्या रात्री थोडा वेळ दिवे आणि पडदे बंद ठेवा. घरातील मुलांना चिंचोके गोळा करायला सांगा. शेजाऱ्यांना बोलवा. आणि पुकारा करताना लक्षात ठेवा: आधी आकडे, मग नाव!

शब्दार्थ

योग – जुळून आलेली वेळ
हिरमुसणे – नाराज होणे
भारनियमन – ठरावीक वेळ वीज बंद ठेवणे
बटवा – कापडी लहान पिशवी
चिंचोका – चिंचेचे बी
तोड काढणे – उपाय शोधणे
पुकारा – मोठ्याने सांगणे
चुरस – स्पर्धा
ताडून पाहणे – जुळते का ते तपासणे
छातीत धस्स होणे – एकदम भीती वाटणे
गुरुकिल्ली – सोपी युक्ती
सोडत – चिठ्ठ्या काढून बक्षीस देण्याची पद्धत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लासुर्णे हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) हाऊजीच्या एका तिकिटावर किती अंक असतात?
(इ) नेपल्स शहरात टोंबोला कोणत्या सणाला खेळतात?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अब्बांनी पैसे लावून खेळायला नकार का दिला?
(आ) लेखकाच्या मनात कोणती सोपी युक्ती आली होती? ती त्याने का वापरली नाही?
(इ) गाळणीचा प्रश्न दादीने कसा सोडवला?

३. पुढील अंक मराठीत अक्षरांत लिहा व त्यांची उर्दू नावे सांगा.
१९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९

४. वाक्यांत उपयोग करा.
हिरमुसणे, तोड काढणे, छातीत धस्स होणे

५. विचार करून सांगा.
"चूक लपवली, की ती सगळ्यांच्या तिकिटांवर जाऊन बसते." या वाक्याचा अर्थ काय?

उपक्रम : तुमच्या आवडत्या सणाशी जोडलेले नऊ मराठी शब्द निवडा. प्रत्येक शब्दासाठी एक खूण लिहा. त्यांचे तिकीट तयार करा व घरी सर्वांबरोबर खेळा.